पहाटे साडेपाचला उजाडणारी तारीख

जावास्क्रिप्टला दोन तारखा सारख्या आहेत का, असं विचारून पाहा. दिवस तोच, तास तोच, मिलिसेकंदही तोच असला तरी उत्तर येतं: नाही. वस्तू दोन आहेत म्हणे. आतला क्षण एक असला म्हणून काय झालं? आधीची कोणती, नंतरची कोणती, हे मात्र बिनचूक सांगते. बरोबरीचंच तेवढं वावडं. त्यासाठी ‘गेटटाइम’ने आकडे काढून ते ताडायचे.

तारीख मजकूर म्हणून ठेवली असेल तर आणखी बहार. ‘9/10/2025’ ही ‘10/10/2025’च्या नंतरची ठरते, कारण 9 हे चिन्ह 1च्या पुढचं. जानेवारी शून्यावा महिना, हे वेगळंच.

पण खरी मौज ‘आज’ची. ‘टूआयएसओस्ट्रिंग’ची पहिली दहा अक्षरं कापून आजची तारीख काढणारे पुष्कळ. ती येते जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचपर्यंत काल संपतच नाही. तपासणारे कचेरीत दहाला येतात, तेव्हा सगळं आलबेल. शिवाय आपल्या पंचांगातही वार सूर्योदयालाच बदलतो. एखादा शास्त्रार्थ जाणणारा प्रोग्रामर तक्रार तेवढ्यावर निकालात काढू शकेल.

हा तारखेचा संसार 1995मध्ये जावाकडून घाईत उचललेला. जावाने त्यातला बराचसा भाग 1997मध्येच कालबाह्य ठरवला. जावास्क्रिप्टची ‘टेम्पोरल’ ही सुधारणा फायरफॉक्समध्ये उतरली 2025 साली. मधलं अंतर मोजायचं असेल तर कृपया कागद-पेन्सिल घ्या.