अंड्यांच्या ट्रेचा स्टुडिओ

दहा बाय दहाच्या खोलीत महागडा कंडेन्सर माइक आला की पुढची खरेदी ठरलेली: अंड्यांचे ट्रे. कोपऱ्यावरचा अंडीवाला ते फुकट देतो आणि भिंत फोटोत अगदी स्टुडिओची दिसते. ऐकू मात्र तसं येत नाही. पुठ्ठा फार तर वरच्या पट्टीतला थोडा आवाज खातो. डग्ग्याचा घुमारा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. बघेल कशाला? 100 हर्ट्झची लहर साधारण 3.4 मीटर लांब, म्हणजे खोलीपेक्षाही मोठी. तिला आवरायला कोपऱ्यांत वीतभर जाडीचं रॉकवूल लागतं. पण रॉकवूलचे फोटो चांगले येत नाहीत.

मग येतो काळा फोम, इंचभर जाडीचा. आता टाळी वाजवली की भिंती उलट बोलत नाहीत, म्हणून सगळे खूश. फक्त गाणारा कपाटात कोंडल्यासारखा वाटतो, बेस तसाच घुमतो आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या ताल सोडत नाहीत. आवाज बाहेर अडवणं हे वजनदार भिंतीचं आणि बुजवलेल्या फटींचं काम, हे फोम विकणारा सांगत नाही.

हार्वर्डच्या वॉलेस सेबाइनने 1895 च्या सुमारास व्याख्यानाच्या दालनात नाट्यगृहातल्या गाद्या आणून टाकल्या आणि घुमणं किती घटतं ते मोजलं. गाद्या! आपल्याकडे त्या माळ्यावर पडून आहेत, आजीच्या गोधड्यांसकट. पण गोधडीपुढे गातो असं इन्स्टावर सांगायचं कसं? म्हणून ऑर्डर पुन्हा फोमचीच. सोबत रिव्हर्बचं प्लगइन, खोलीतून हाकललेला घुमारा पैसे मोजून परत आणायला.