कुणी हात लावला?

नेटवर्क बंद पडलं म्हणून भाऊसाहेब धावत येत नाहीत. हातातला चहा संपवतात, खिशातलं क्रिंपिंग टूल चाचपतात आणि सगळ्या टेबलांवरून संशयी नजर फिरवत विचारतात, "कुणी हात लावला?" कुणीच लावलेला नसतो. "म्हणजे आपोआप बंद पडलं होय?"

जिल्ह्याच्या कुठल्याही जुन्या सरकारी ऑफिसात असे एक भाऊसाहेब असतात. कागदोपत्री वरिष्ठ लिपिक. एमएस-सीआयटी सगळ्यांच्या आधी पास झाले एवढाच त्यांचा गुन्हा. त्याची शिक्षा अजून चालू आहे.

कुठली वायर कुठून कुठं जाते, हे फक्त त्यांनाच माहीत. लेखा शाखेची वायर रेकॉर्ड रूमच्या माळ्यावरून, उंदरांच्या हद्दीतून जाते. ती कुरतडली गेली तरी ते डगमगत नाहीत. "आत तारा आठ. शंभर एमबीपीएसला त्यातल्या चारच लागतात. उरलेल्या चार उंदरांच्या." कधीकधी उंदरांचा वाटाही काढून घेऊन ते एकाच वायरीवर दोन संगणक चालवतात. त्यामुळे नवे साहेब कौतुकानं गिगाबिटचा स्विच आणि नवे संगणक घेऊन आले तेव्हा भाऊसाहेबांचा चेहरा पडला. "याला आठच्या आठ लागतात, साहेब. खादाड आहे."

मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची साथ सोडली. भाऊसाहेबांनी नाही. कोपऱ्यातल्या त्या संगणकाचा बटण-सेल मेलाय. रोज सकाळी तो कुठल्यातरी जुन्याच साली जागा होतो. भाऊसाहेब त्याला आजच्या तारखेला आणून सोडतात, मग पगारबिलं करकरत छापली जातात. कुणी कुतूहलानं जवळ गेलं की, "चालतंय ना? मग बघू नका त्याच्याकडं." खंडेनवमीला त्याला हळदकुंकू मिळतं, झेंडू मात्र लांबूनच. पाकळ्या आत जाऊन एकदा पंखा अडकला होता.

रजा त्यांना मंजूर होते, मिळत नाही. पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, आणि हे फोनवर कुजबुजताहेत, "हिरवा दिवा लुकलुकतोय का? लुकलुकतोय की नुसताच पेटलाय?" भटजी मंगलाष्टक म्हणता म्हणता डोळे वटारत होते.

एवढं करून वर दर मार्चला नव्या केबलिंगचा प्रस्ताव जातो आणि 'तरतूद नाही' असा शेरा घेऊन परत येतो. तोही ते तारीखवार फायलीत लावतात.

परवा मात्र अख्खं ऑफिस बसलं. भाऊसाहेब टेबलांखाली सरपटत एकेक वायर उपसून बघत होते. दुपारी उलगडा झाला. झाडताना मावशींना वायरीचं एक टोक लोंबताना दिसलं, म्हणून त्यांनी ते स्विचमधल्या मोकळ्या भोकात नीट बसवलं होतं. दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये! डेटा आपला तिथंच गरगरत बसलेला. मावशी रडवेल्या झाल्या. भाऊसाहेबांनी धूळ झटकली, वायर उपटली आणि म्हणाले, "घाबरू नका, मावशी. या ऑफिसात रिकामी जागा भरणाऱ्या तुम्ही पहिल्याच."