हॉर्नचं गाणं

वहिनी, अहो वहिनी! ती वालपापडी राहू द्या जरा, इकडे जास्वंदीपाशी या. तिथून नको, त्यांना ऐकू जाईल. कोण म्हणजे काय, समोरचे! यंदा ओट्यावर सांताक्लॉज आणून उभा केलाय ना, कंबर हलवत गाणारा. पोटात सेन्सर आहे मेल्याच्या. समोरून काही हललं की सुरू. पाववाला आला, जिंगल बेल्स. दूधवाला आला, जिंगल बेल्स. रात्री दीड वाजता बोका भिंतीवरून उतरला, जिंगल बेल्स. आमचे हे आता झोपेत ताल धरतात.

हसा, हसा. पण तुम्हाला म्हणून सांगते, मला ते गाणंच आवडत नाही. सांता नवा आहे, माझा राग जुना. घरात बोलायची सोय नाही. सून म्हणते, ‘आई, तुम्ही चर्चमध्ये पेटी वाजवता आणि तुम्हाला जिंगल बेल्स नको?’ नातवाने तर कट्टीच घेतली. सगळ्या वसईला आवडतं, सगळ्या जगाला आवडतं, आणि ही एकटी म्हातारी नाक मुरडते!

अहो, पण त्या गाण्यात नाताळ आहे कुठे? बाळ येशू नाही, मरियामाय नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. डिसेंबर महिन्याचंसुद्धा नाव नाही. आपण सगळे नुसता मुखडा गातो, म्हणून कळत नाही. माझी भाची बॉस्टनच्या बाजूला मेडफर्डला असते, तिच्याकडून मी सगळी कडवी मागवली. काय निघालं माहितीय? एक तरणा गडी बर्फावरून घोड्याची घसरगाडी पळवतोय, शेजारी फॅनी नावाची पोरगी. घोडं मरतुकडं, ते बर्फाच्या ढिगात घुसतं, गाडी उलटते. पुढच्या कडव्यात हा एकटाच घसरून उताणा पडतो आणि दुसरा एक जण खो खो हसत तसाच निघून जातो. आणि शेवटी पोरांना सल्ला काय, तर तरुण आहात तोवर पोरींना फिरवून आणा आणि जोरात पळणारा घोडा घ्या. हे आमचा नातू केजीच्या स्टेजवर हात जोडून म्हणतो! टीचरने हात का जोडायला लावले, तेही एक कोडंच.

आणि त्या घंटा म्हणे देवळातल्या. देवळातल्या कसल्या? बर्फावर गाडीचा आवाज होत नाही, घोड्याच्या टापाही वाजत नाहीत, म्हणून समोरच्याने बाजूला व्हावं यासाठी घोड्याच्या गळ्यात घंटा बांधायचे. म्हणजे हॉर्न झाला ना तो! तुमच्या भावजींची जुनी गाडी रिव्हर्स घेताना हीच धून वाजवायची. तेव्हा तुम्ही सगळे हसायचात. मी म्हणते, या गाण्याची जागा त्या एका गाडीने बरोब्बर ओळखली होती.

आता खरी गंमत ऐका. ते लिहिणारा माणूस. जेम्स पियरपॉन्ट त्याचं नाव. असला माणूस आपल्या आळीत असता ना, तर आपल्याला दुसरा विषयच लागला नसता. बाप पाद्री, कवी, गुलामगिरीच्या विरुद्ध खणखणीत बोलणारा. मुलगा पोरवयात घर सोडून जहाजावर पळाला. पुढे लग्न केलं, मुलं झाली. मग १८४९ साली कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची हाकाटी झाली, तर बायकामुलांना बापाच्या घरी ठेवून हा निघाला तिकडे. सोनं कुठलं, फोटो काढायचा धंदा टाकला, तो आगीत गेला. हात हलवत परत. १८५६ साली बायको क्षयाने वारली. मुलं आजोबांच्या गळ्यात, आणि हा दक्षिणेत सव्हानाला, भावाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला. हो हो, माझ्याच धंद्यातला, ते मला माहीत आहे. टोमणा पोचला.

तर पुढच्याच वर्षी दुसरं लग्न! पुढे सव्हानाचा महापौर झालेल्या माणसाची मुलगी. १८५७ च्या ऑगस्टात लग्न आणि सप्टेंबरात बॉस्टनला गाणं छापलं. आता मला सांगा, नवी बायको एलायझा, गेलेली बायको मिलिसेंट, मग गाडीत बसलेली ही फॅनी कोण? गाणं आहे, कुणाचंही नाव घालतात, ते मला कळतं. पण नव्या नवरीने विचारलं असेलच ना, वहिनी? तुम्ही नसतं विचारलं?

तेव्हा गाण्याचं नाव ‘वन हॉर्स ओपन स्ले’ होतं. दोन वर्षांनी ‘जिंगल बेल्स’ हे नाव लागलं. मेडफर्डला रस्त्यावर पाटी आहे की हे इथल्या खानावळीत १८५० साली लिहिलं. सव्हानाला दुसरी पाटी आहे की आमच्याकडचं. भांडण आपल्या बांधावरच्या आंब्याचं व्हावं तसं. त्यात बॉस्टन विद्यापीठातल्या एका बाईंनी, कायना हॅमिल त्यांचं नाव, जुने कागद चाळून दाखवलं की पहिल्यांदा हे बॉस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये १८५७ च्या सप्टेंबरात गायलं गेलं. आणि कुठल्या कार्यक्रमात? गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायचे, त्या तमाशात. भाचीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

तेवढ्यावर थांबलं नाही. पुढे तिकडे यादवी झाली, तर हा पठ्ठ्या दक्षिणेच्या फौजेत कारकून, त्यांच्या बाजूची लढाईची गाणी लिहितोय. आणि म्हातारा बाप उत्तरेच्या फौजेत धर्मगुरू! एका घरातले दोघे दोन टोकांना. भाचा कोण, तर तो मोठा बँकवाला जे. पी. मॉर्गन. मामाच्या हातात मात्र या गाण्याचा पैसा काही फार आला नाही. १८९३ साली गेला, फ्लोरिडात. गावाचं नाव विंटर हेवन! बर्फाच्या गाण्याचा माणूस, गेला तो अशा गावात जिथे बर्फाचा पत्ता नाही. आपल्यासारखंच.

ह्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणतात, ‘माणूस वाईट म्हणून गाणं वाईट का?’ तेही खरं. मी मानते. माणूस सोडा. चालच घ्या. मुखडा पेटीवर वाजवून बघा. सलग सात वेळा गंधार! एकच पट्टी दाबत बसायचं, मग कुठे पंचमाकडे उडी. म्हणून तर शेंबडं पोर खेळण्यातल्या कॅसिओवर पहिलं हेच वाजवतं आणि पाहुण्यांपुढे तेच, वाढदिवसाला तेच, दहावी झाली तरी तेच. १८५७ च्या छापील प्रतीत मुखड्याची चाल वेगळी होती, हेही भाचीनेच सांगितलं. मी ती ऐकली. जरा बरी आहे हो. निदान स्वर जिने चढतात-उतरतात.

मग ह्यांचा हुकमी एक्का निघतो. अंतराळात वाद्यांवर वाजवलेलं पहिलं गाणं कुठलं? जिंगल बेल्स! आहे खरं. १६ डिसेंबर १९६५, जेमिनी ६ यानातले दोघे, शिरा आणि स्टॅफर्ड. आधी खाली कळवलं की काहीतरी अनोळखी वस्तू उत्तरेकडून दक्षिणेकडे चाललीय. जमिनीवरचे लोक टरकले असणार. आणि मग यांनी लपवून नेलेली माउथऑर्गन आणि घंटा काढून हे वाजवलं. ती माउथऑर्गन आणि त्या घंटा स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवल्यात. मी ह्यांना म्हटलं, तिथेही शेवटी हॉर्नच वाजवला ना?

काय म्हणालात? गणपतीच्या मांडवात सिनेमाची गाणी वाजतात, मग आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? बरोबर. पण वहिनी, तुमच्याकडे मांडवात काहीही वाजो, आरतीला आरतीच होते. कुणी लाउडस्पीकरवरचं गाणं टाळ्या वाजवत देवापुढे म्हणत नाही. आमच्याकडे मात्र शाळेत, मॉलमध्ये, सोसायटीत नाताळ म्हटलं की हे एकच. कुणाला विचारलं, ‘दुसरं एक नाताळगीत म्हण,’ तर गप्प.

आमच्या आजीच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. कळायचं काहीच नाही, पण मध्यरात्री उभं राहून ऐकायची. व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली, १९६२ ते ६५, त्यानंतर आपल्या भाषेत उपासना आली. मग गायनवृंदात पेटी आली, ढोलकी आली, मराठी नाताळगीतं आली. मी पोर होते, पहिल्यांदा मराठीत सगळं कळलं तेव्हा आजी पदराने डोळे पुसत होती आणि शेजारणीला विचारत होती, ‘हे इतकी वर्षं का नाही सांगितलं?’ ती गाणी मला वाजवायची असतात. ‘सायलेंट नाइट’ही चालेल मला, मराठीतही गातात ते. तेही परकंच आहे, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फचं. योसेफ मोर नावाच्या फादरची कविता, ग्रुबर नावाच्या शाळामास्तरांची चाल, १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री गिटारवर गायलं. म्हणजे परकं म्हणून माझा राग नाही, कळलं ना? तसं असतं तर केकही खाल्ला नसता मी.

बरं, आता मुद्द्याचं. हळू बोलते. पॅरिशच्या पोरांचा नाताळचा कार्यक्रम आहे, चोवीसच्या मिस्सेआधी. तरुणांच्या मंडळाचा तो उंच सेक्रेटरी काल आला. ‘आंटी, शेवटी जिंगल बेल्स, पेटीवर तुम्हीच.’ मी म्हटलं, मरून जाईन. तर म्हणाला, ‘मग की-बोर्डवाला पोरगा वाजवेल, तो म्युझिकसकट आणतो.’ त्या पोराचा हात तुम्ही ऐकलाय. ‘म्युझिकसकट’ म्हणजे मागे ड्रमची धडधड. मी तिथल्या तिथे अट घातली: आधी तीन मराठी गाणी, पूर्ण कडव्यांसकट, पोरांच्या तोंडपाठ. मग ‘सायलेंट नाइट’. आणि सगळ्यात शेवटी, दिवे लावून, एकदाच, तुमचं ते. तो दोन मराठी गाण्यांवर घासाघीस करत होता. मी तिसरं सोडलं नाही. चौथं मागून ठेवायला हवं होतं, तेवढं चुकलं.

आता अडलंय कुठे, तर घंटा. सेक्रेटरी ऑनलाइन मागवणार होता, त्या पत्र्याच्या. कानाला त्रास नुसता. म्हटलं, वाजवायचंच आहे तर आवाज तरी धड असू दे. तुमची धाकटी कथक शिकत होती ना? तिचे घुंगरू माळ्यावर असतील. शंभराची जोडी नको, छोटे असले तरी चालतील. आणि परत जाताना समोरच्या ओट्यावरून जाऊ नका, तो सुरू होईल.