आपोआप ताज्या होणाऱ्या पानास

पान महाशय,


आपण कोणी न सांगता मिनिटामिनिटाला ताजेतवाने होता, याचं आम्हाला फार कौतुक आहे. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला उमरग्यात दुसरं कोणीच इतकं ताजं नसतं. सर्व्हर पेंगतो, ओटीपी सवडीने येतो, विजेचा तर विषयच नको. त्या सगळ्यांना माफ केलं. तुम्हाला नाही.

काल एका आजोबांचा अर्ज भरत होतो. बँक खातं, आयएफएससी, गट नंबर, सोयाबीनचं क्षेत्र, सगळं भरलं. क्षेत्राची खात्री करायला शेजारच्या टॅबवर सातबारा उघडला. परत येतो तर तुम्ही न्हाऊनमाखून कोरे! आजोबा विचारतात, "झालं का रं बाळा?" काय सांगू त्यांना?

घाईत दुसऱ्या टॅबमध्ये पुढच्या शेतकऱ्याचं लॉगिन केलं, तर ताजे झाल्याबरोबर तुम्ही आजोबांच्या टॅबवर त्याचं नाव मिरवू लागलात. एका ब्राउझरमधले सगळे टॅब एकच कुकी वापरतात, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या अर्जावर परक्याचं नाव दिसल्यावर शेतकऱ्याच्या पोटात काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे? आता प्रत्येकासाठी वेगळं प्रोफाइल उघडतो. (इन्कॉग्निटोच्या दोन खिडक्याही आपसात कुकी वाटून घेतात, त्यामुळे ती पळवाट बंद.)

आणि ते तुमचं उलटं घड्याळ! 2021 मध्ये आलेल्या 88 व्या आवृत्तीपासून क्रोम पाच मिनिटं झाकून पडलेल्या पानाचा टायमर मिनिटातून एकदाच हलू देतं. तुम्ही 'चार मिनिटं शिल्लक' म्हणत बसता, तिकडे सर्व्हरने आम्हाला कधीच बाहेर काढलेलं असतं.

तुम्हाला तरी काय बोलणार म्हणा. 'इतक्या सेकंदांनी पुन्हा उघड' ही एक ओळ कोणीतरी तुमच्या माथी मारलीय. 1995 मधली नेटस्केपची युक्ती ती. समोर कोणी टाइप करतंय, हे तुम्हाला दिसतच नाही, बिचारे.

पण ती ओळ लिहिणाऱ्याला तर दिसत होतं ना? थांबवायची सोय नसेल तर पानं आपोआप ताजी करू नका, असं वेब सुलभतेच्या 1999 च्या नियमावलीत छापलेलं आहे. अरे, अर्धा भरलेला अर्ज पुसायचा हक्क तुला दिला कोणी? शेवटच्या तारखेला ये, माझ्या खुर्चीत बस, आणि आजोबांना तूच सांग.

तोवर, पान महाशय, सातबारा मी मोबाइलवर बघतो. तुमच्यावरची नजर काढायची माझी हिंमत नाही.

आपला,
रांगेच्या या टोकाला बसलेला