चेलोला जागा

मुंबईत माणसाला जागा मिळत नाही, तिथे मी चेलो वाजवायचं ठरवलं. पेटीसकट साडेचार फुटांचा ऐवज. उभा ठेवला तर पडेल, आडवा ठेवला तर कोणीतरी वर बसेल. व्हायोलिनवाला वाद्य काखोटीला मारून विरार गाठतो. बासरीवाल्याबद्दल तर मी बोलतच नाही. आम्ही मालडब्यातले.

मालडब्यात मात्र चेलोला मान आहे. एकदा एका मावशींनी टोपली सरकवून कोपरा करून दिला आणि विचारलं, "दादा, यात काय हाय?"

"वाद्य आहे, मावशी."

त्यांनी पेटीवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. "मंग बरं. मला वाटलं मानूस हाय." आणि पेटीला निवांत टेकल्या. दादरपर्यंत त्यांना उठवायची माझी काय बिशाद! संध्याकाळच्या कार्यक्रमात शेजारचा वादक मध्येच हुंगायचा आणि माझ्याकडे संशयाने बघायचा. सुका बोंबील पेटीच्या अस्तरात मुरतो, हे त्याला कोण सांगणार?

विमानात चेलोसाठी आख्खं तिकीट काढावं लागतं. खिडकीची जागा, कमरेला पट्टा. जेवणाचं मात्र कोणी विचारत नाही. लिन हॅरेल या नामवंत अमेरिकन चेलोवादकाने निदान प्रवासाचे पॉइंट तरी पदरात पडावेत म्हणून चेलोचं 'मिस्टर चेलो हॅरेल' या नावाने वेगळं खातं ठेवलं होतं. २०१२ साली विमान कंपनीने पत्र पाठवून दोघांनाही योजनेतून हाकललं. हॅरेल बोलले-भांडले तरी असतील. पण पूर्ण भाडं भरून, एकदाही बेल न दाबता बसणारा तो दुसरा प्रवासी? त्याने कोणाचं काय वाकडं केलं होतं?

मुंबईच्या सिनेसंगीतात एके काळी आमच्या वाद्याला बरे दिवस होते. स्टुडिओ गोव्याच्या वादकांनी भरलेले असत; राहुलदेव बर्मन यांचे साहाय्यक बासू चक्रवर्ती स्वतः चेलोवादक. आता तो सगळा ताफा कीबोर्डच्या एका बटणात मावतो. जागेचा प्रश्न सुटला तो असा. २००६ पासून एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तिथे खुर्च्या मोजक्या. बाकीच्यांनी लग्नं वाजवावीत. लग्नात हमखास पाखेलबेलचा 'कॅनन' लागतो. व्हायोलिनं त्यात मनसोक्त बागडतात. चेलोला आठ सूर, तेच, त्याच क्रमाने, २८ वेळा. एवढं करून फोटोग्राफर म्हणतो, "सर, जरा मागे सरका ना, केक येतोय."

म्हणून शिकवण्या. तिथेही जागाच. पूर्वी चेलो पोटऱ्यांत धरून वाजवत. त्याच्या बुडाशी असलेली टोकदार सळई रूढ केली ती एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे चेलोवादक सर्वे यांनी. गृहस्थ चांगले भारदस्त होते. पोट आणि चेलो दोघांची सोय एकत्र लागेना म्हणून त्यांनी ही युक्ती केली, असं म्हणतात. सळई लाकडी रंगमंचावर छान रुतते. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी गुळगुळीत टाइल्स. गज ओढला की चेलो टीव्हीच्या दिशेने निघतो आणि मागोमाग मूल. मग सळईखाली पायपुसणं, पायपुसण्याला परकराची नाडी, नाडीचं दुसरं टोक खुर्चीच्या पायाला. खुर्ची बिनहातांची लागते. ती घरात एकच असते आणि तिच्यावर आजी बसलेली असते.

आजी संगीत विशारद. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात, सुराची जागा बोटांनीच हुडकायची. सुरुवातीला खुणेसाठी मी पट्टीवर आजींच्याच पाकिटातल्या टिकल्या लावतो. घामाने टिकली सरकते, मूल इमानदारीने टिकलीवरच बोट ठेवतं आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "गंधार उतरला!" कुकरच्या शिट्टीआडूनही त्यांना ते कळतं. खरं तर निम्मी फी त्यांना द्यायला हवी. अजून दिलेली नाही.

आई-वडिलांना गंधाराशी कर्तव्य नसतं. त्यांना ग्रेड हवी, लंडनच्या शिक्क्याची. ती मिळते, पेढे येतात. पण दरम्यान मूल वाढत असतं आणि चेलो पाव, अर्धा, पाऊण अशा मापांनी बदलावा लागतो. परवा एका वडिलांना सांगितलं, चिरंजीवांनी उंची घेतलीय, आता पूर्ण मापाचा आणा. त्यांनी हॉलभर नजर टाकली. सोफा, शिलाई मशीन, सायकल. आतून टेप आणला, भिंत आणि फ्रिज यांच्यामधली फट मोजली, पुन्हा मोजली. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, पाऊणमध्येच याचं सगळं शिक्षण बसवता नाही का येणार?"