दहा पोर्टांचा जावईशोध

आमच्या मंडळात माणसाला आडनाव असतं, पण ते फक्त वर्गणीच्या पावतीवर. एरवी ओळख पोलाद कारखान्यातल्या खात्यावरून. कोक ओव्हन काका, प्लेट मिल काका, आणि निवृत्त झाल्यापासून कोषाध्यक्षपद सांभाळणारे रेल मिल काका. भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये राहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. या तिघांची, सचिवांची आणि माझी मिळून एक राउटर समिती होती. मी तांत्रिक सल्लागार. मला मोबाईलवरची अक्षरं मोठी करता येतात, एवढीच माझी पात्रता.

मूळ दुखणं साधं होतं. गेल्या गणपतीत आरती थेट दाखवताना चित्र थिजलं आणि पुण्यातल्या, बंगळुरूतल्या, न्यू जर्सीतल्या पोरांना पाऊण मिनिट गुरुजींचं नुसतं उघडं तोंड दिसत राहिलं. पोरं सगळी बाहेरच. आमच्या सेक्टरच्या शाळेत शिकून कुणी भिलाईतच राहिला, तर शेजारीपाजारी तब्येतीची चौकशी करायला येतात.

उत्साहाच्या भरात नव्या राउटरच्या आधी त्याचा रॅक आणला. भिंतीवर ठोकायचा, 6 यू उंचीचा. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, असं दुकानदाराने सांगितलं. प्लेट मिल काकांना ते पटेना. घरी जाऊन ते व्हर्नियर घेऊन आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका डोळ्याने वाचलं, ‘‘चव्वेचाळीस पॉइंट पंचेचाळीस मिलिमीटर. बरोबर आहे न बाप्पा!’’ मग रुंदीही मोजली. 19 इंच. जगभरच्या रॅकचं हेच माप, टेलिफोन एक्सचेंजच्या जमान्यापासून चालत आलेलं. काका खूश. आयुष्यभर मापात काम केलेल्या माणसाला जगात कुठे तरी माप पाळलं जातं हे कळलं की असंच होतं. रॅक भिंतीवर चढला आणि पुढचे कित्येक महिने त्यात हजेरीची वही राहिली.

कारण राउटर ठरेना. दोन समोर आले. दोन्ही मायक्रोटिक कंपनीचे, म्हणजे सख्ख्या बहिणीच. थोरली आरबी 4011, धाकटी आरबी 5009. दोघींच्या डोक्यात चार-चार कोअर, दोघींचा वेग 1.4 गिगाहर्ट्झ, दोघींची मेमरी एक जीबी, दोघींना दहा गिगाबिटचं एक-एक एसएफपी प्लस दार. फरक म्हणाल तर थोरलीला साधे पोर्ट दहा, धाकटीला आठ, पण त्यातला एक अडीच गिगाबिटचा. थोरली रॅकची आख्खी रुंदी अडवून बसते. धाकटी इतकी चणीने लहान, की अशा चौघी एका यू मध्ये मावतात. मुलगी बघायला गेल्यावर ‘दोन्ही चांगल्या आहेत’ म्हणून परत यावं, तशी आमची गत झाली.

यातलं आम्हाला काय लागत होतं? बाहेरून येणारी लाइन 100 एमबीपीएसची. दारात दहा गिगाबिटची कमान आणि आत यायला सायकलची वाट. रेल मिल काकांनी हे त्यांच्या भाषेत सांगितलं, ‘‘260 मीटरचा रूळ टाकायचा आणि त्यावर पांगुळगाडा फिरवायचा.’’ ही बैठकीतली एकमेव शहाणी ओळ. इतिवृत्तात ती आली नाही.

भांडण पेटीचं नव्हतंच, हे मला तिसऱ्या बैठकीत कळलं. धाकटीची शिफारस प्लेट मिल काकांच्या पुण्याच्या मुलाने केली होती. थोरलीची, कोक ओव्हन काकांच्या बंगळुरूच्या जावयाने. मुलगा व्हॉट्सअपवरून कळवी, 5009 नवी आहे, 64 बिट आहे, तिची पेटीच उष्णता बाहेर टाकते. जावई कळवी, 4011 ला रॅकचे कान सोबत येतात, पोर्ट दोन जास्त. दोघांपैकी कुणी सहा वर्षांत मंडळाची पायरी चढलेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट तरी जवळपास हवा.

कंपनी कुठली, हा प्रश्न सचिवांनी उगाच काढला. मी वाचून सांगितलं, रीगा, लाटव्हिया. कोक ओव्हन काका ताठ बसले. ‘‘म्हणजे रशियाच! अरे, मग काऊन चर्चा करता? रशियन माल डोळे झाकून घ्यायचा.’’ लाटव्हिया 1991 मध्ये वेगळा झाला आणि कंपनी निघाली 1996 मध्ये, असं मी म्हणून पाहिलं. काकांनी 1991 हे साल अद्याप मंजूर केलेलं नाही. भिलाई कारखान्याचा रशियाशी करार फेब्रुवारी 1955 चा, तेव्हा रीगा सोव्हिएत संघात होतं, त्यांना तेवढं पुरे. मग त्यांनी 4 फेब्रुवारी 1959 सांगितला, राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली तो. हा दिवस आम्ही दर बैठकीत ऐकतो. करारापासून भट्टीपर्यंत चार वर्षं. आम्हाला एका पेटीला अकरा महिने. टनामागे हिशेब काढू नये.

दोघींच्या भावातला फरक तोवर चहा-समोशात कधीच संपला होता.

तिढा सोडवला कोषाध्यक्षांनी. मराठी मंडळात पंखा फिरतो तो पात्यावर देणगीदाराचं नाव घेऊन, खुर्चीच्या पाठीवर कुणाच्या तरी मातोश्री असतात. रेल मिल काकांनी विचारलं, ‘‘एका पोर्टाला एक देणगीदार धरला तर?’’ खोलीत शांतता पसरली. दहा पोर्ट, दहा देणगीदार. धाकटीला आठच. आणि ते एसएफपी प्लस? ‘‘ते मुख्य देणगीदाराला. भोक मोठं आहे.’’ अकरा महिने गिगाहर्ट्झने जे झालं नाही, ते पावतीपुस्तकाने पाच मिनिटांत केलं. जावई जिंकला. प्लेट मिल काकांनी पुण्याला फोन करून मुलाला ‘तुझंही बरोबर होतं’ असं सांगितलं, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं.

थोरली बसली. नावांच्या पट्ट्या चव्वेचाळीस मिलिमीटरमध्ये बसेनात, म्हणून ‘कै.’ आणि आद्याक्षरं तेवढी चिकटवली. पहिल्या पोर्टात बाहेरची लाइन. उरलेल्या नवांत तारा तीनच: कॉम्प्युटर, वायफाय आणि कॅमेरा. दुसऱ्याच संध्याकाळी एक काकू रॅकसमोर उभ्या. ‘‘आमच्या ह्यांचा दिवा का लागत नाही?’’ तिसऱ्या दिवशी असे सहा जण होते.

सचिव मुळात कारखान्यातले. त्यांनी रात्रीतून तक्ता लिहून रॅकच्या दाराला चिकटवला. फर्स्ट शिफ्ट 6 ते 2, पोर्ट 2, 3, 4. सेकंड शिफ्ट 2 ते 10, पोर्ट 5, 6, 7. नाईट, पोर्ट 8, 9, 10. शिफ्ट बदलली की चौकीदार येतो, तीन तारा उपसतो, पुढच्या तिघांत खोचतो आणि वहीत सही करतो. त्या मिनिटभरात इंटरनेट जातं. आरतीची वेळ त्यात येऊ नये म्हणून ती साडेसातला ठेवली आहे.

एसएफपी प्लसच्या दारात खोचायला मंडळाकडे काहीच नाही. मुख्य देणगीदार नागपूरला राहतात. ते अजून बघायला आलेले नाहीत.