उंटावरून सिहोऱ्याला

जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात मोटारसायकल घेणं ही खासगी बाब नाही. तुम्ही शोरूमला पोचायच्या आत कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो. माझी बदली सिहोऱ्याच्या शाखेत झाली. म्हणजे रोज कटनी रस्त्याने चाळीसेक किलोमीटर जाणं, तितकंच येणं, आणि वसुलीला अशा गावांत शिरणं, जिथला रस्ता फक्त कागदावर पक्का आहे. ‘डांबरावर पळेल आणि चिखलातही चालेल अशी गाडी बघतोय,’ एवढंच मी बोललो.

‘बड्डे, बुलेट ले लो,’ टपरीवाला म्हणाला. त्याच्याकडे सगळ्याच प्रश्नांना हे एकच उत्तर असतं.

बाबा व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. जिथून फौजेसाठी चारचाकी जोंगा निघायची, तिथे नोकरी केलेल्या माणसाला दोन चाकं मुळातच अपुरी वाटतात. ‘दोन्हीकडे चालणारी गाडी आम्ही कधीच बनवली होती,’ म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

मग मी स्वतःच अभ्यासाला बसलो. डांबर आणि चिखल दोन्हीवर चालणाऱ्या जातीची गाडी उंच असते, कारण तिला खड्डे गिळायचे असतात. हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्हीचं पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर खालीवर होतं, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा आणि सीट ८२५ मिलिमीटरवर. पुढचं चाक २१ इंची, म्हणून दगडावरून सहज चढतं. पुढचा मडगार्ड टायरपासून चांगला वर बसवलेला, म्हणजे चिकणमाती अडकून चाक जाम होत नाही. वाचायला झकास. माझी उंची मात्र पाच फूट चार इंच. शोरूममध्ये बसलो तर फक्त चवडे टेकले. कावासाकीची केएलएक्स २३० तर ८८० मिलिमीटरची. तिच्यावर एक पाय जमिनीवर आणि दुसरा अधांतरी. उंटावरचे शहाणे गल्लीत भरपूर होते, आता उंटावर मीच चढणार होतो.

‘आदत पड़ जाएगी सर,’ सेल्समन म्हणाला. त्याची स्वतःची उंची सहा फूट.

हायवेवर या जातीची खरी परीक्षा होते. खडबडीत टायर डांबरावर घुमतात आणि पावसात त्यांची पकड कमी पडते. लांब सस्पेन्शनमुळे ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. दोनशे सीसीच्या एका सिलिंडरला ऐंशीच्या आसपास पळायला आवडतं. त्यापुढे शेजारून ट्रक गेला की वारा हँडल हलवून जातो. त्यात तारांच्या चाकात ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की बाहेरून पट्टी खुपसून भागत नाही, चाक काढावं लागतं. हे संध्याकाळी सातला, दोन ढाब्यांच्या मधोमध करून बघा. हिमालयन ४५० हायवेला जास्त राजी, पण वजन १९६ किलो. आमच्या गल्लीत समोरून गाय आली की मागे सरकायचं असतं, आणि गायीला गाडीचं वजन किती याच्याशी देणंघेणं नसतं.

खरं सांगायचं तर वसुलीची गावं सोडली, तर या गाडीला लागणारा सगळा खडतर रस्ता मला घराच्या दारातच मिळतो. नळासाठी खणलेला चर, त्यावर टाकलेली फरशी, उघडी नाली, मग उभ्या केलेल्या स्कूटरी. त्यानंतर सिहोऱ्यापर्यंत नुसतं डांबर.

आई म्हणाली, ‘सूनबाईला विचारलंस का?’ सौ. गुरुवारी गोलबाजारच्या दत्तमंदिरात नऊवारी नाही, पण साडी नेसून जाते. तिला शोरूममध्ये नेलं, तर गाडीला मागे साडी अडकू नये म्हणून संरक्षक जाळी लावलेली, तीही म्हणे जंगलात जाणाऱ्या गाडीला. सौ.ने एक हात माझ्या खांद्यावर, एक सीटवर ठेवला, दोनदा उसळी मारली आणि खालीच थांबली. ‘तुम्ही गाडीने या, मी रिक्षाने जाते. आपण देवळात भेटू.’

अखेर एक्सपल्स घेतली. टायर डांबराकडे झुकणारे टाकले आणि मिस्त्रीकडून मागचं स्प्रॉकेट दोन दात लहान करून घेतलं, म्हणजे ऐंशीला इंजिन कमी ओरडतं. तुमचा रस्ताही माझ्यासारखा असेल, तर हेच करा. मात्र रोजच्या वाटेवर कच्चा पट्टाच नसेल, तर साधी दीडशे सीसीची गाडी घ्या. तिला पंक्चर काढणारा कुठेही भेटेल. आणि घरातल्या माणसाला मागे बसवून बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नका.